गंजलेला उंबरठा

ऑक्सफर्डच्या दक्षिणेस सहा-सात मैलांवर, थेम्स नदीच्या काठी वसलेल्या ॲबिंग्डन या लहानशा गावात, चामडे कमावण्याच्या एका कारखान्याच्या वापरात नसलेल्या इमारती १९२९ साली सेसिल किंबर या कल्पक व्यवस्थापकाने आपल्या मोटारींसाठी ताब्यात घेतल्या, आणि तेव्हापासून १९८० सालच्या ऑक्टोबरापर्यंत 'एम.जी.' या दोन अक्षरांची अष्टकोनी मुद्रा धारण करणाऱ्या स्पोर्ट्‌स मोटारी तेथून देशोदेशी रवाना होत राहिल्या. त्या कारखान्याची हकीकत पुष्कळांनी लिहिली आहे. मला लिहावयाचे आहे ते त्याच्या पश्चात रूढ झालेल्या एका प्रघाताविषयी: गंजाने पोखरलेली जुनी एम.जी. विकत घेऊन, वेल्डिंगची ठिणगी पूर्वी कधी जवळून न पाहिलेल्या माणसाने ती घराशेजारच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी पुन्हा उभी करण्याविषयी.

या प्रघाताचे बीज कारखान्याच्या स्वभावातच होते, असे मला वाटते. इतर मोठ्या कारखान्यांत यंत्राने चालणारे सरकते पट्टे आले तरी ॲबिंग्डनमध्ये अर्धवट जुळलेली गाडी एका जागेवरून पुढच्या जागेवर माणसेच ढकलून नेत. सांगाडा बाहेरून तयार येई, इंजिनही बाहेरूनच येई, आणि येथे होई ती केवळ जुळणी, पाना, हातोडी आणि सवयीची नजर यांच्या बळावर. जी गाडी हाताने जुळविली गेली ती हाताने सोडविताही येते, आणि सोडविता येते म्हणूनच नवशिक्याला तिच्याजवळ जाण्याचे धैर्य होते.

त्या धैर्याला लिखित पाठबळ मिळाले तेही ॲबिंग्डनच्याच एका गाडीमुळे. ऑस्टिन-हीली स्प्राइट ही बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे असलेली चिमुकली गाडी १९५८ पासून याच कारखान्यात जुळविली जात असे. ब्रिटिश हवाई दलातील जॉन हेन्स हा तरुण अधिकारी एडनला तैनात असताना त्याने एका सहकाऱ्याला अशी एक स्प्राइट पुन्हा बांधण्यास मदत केली, आणि कंपनीचे अधिकृत पुस्तक जाणत्या मेस्त्रीसाठी लिहिलेले असून सामान्य मालकाला त्याचा काडीचाही उपयोग होत नाही हे त्याच्या ध्यानात आले. तेव्हा गाडी एकेक सुटा भाग करून उकलावी, प्रत्येक पायरीचे छायाचित्र घ्यावे आणि जे प्रत्यक्ष हातांनी केले तेवढेच लिहावे, हा शिरस्ता त्याने घातला. १९६६ साली निघालेल्या त्याच्या या पद्धतीच्या पहिल्या पुस्तकाच्या तीन हजार प्रती तीन महिन्यांच्या आत खपल्या. विद्या एका बंदिस्त जमातीच्या हातून सुटून सर्वांच्या हाती जाण्याचे असे प्रसंग इतिहासात थोडे असतात, आणि या प्रसंगाला मी छापखान्याच्या इतिहासातही मानाचे स्थान देईन.

आता गंजाकडे वळू. १९६२ साली निघालेली एम.जी.बी. ही ॲबिंग्डनची सर्वाधिक खपलेली गाडी. अठरा वर्षांत ती पाच लाखांहून अधिक तयार झाली आणि तिचा मोठा हिस्सा अमेरिकेत गेला. तिच्या आधीच्या एम.जी.ए.ला स्वतंत्र चासी होती, म्हणजे वरचा पत्रा कुजला तरी खालचा कणा शाबूत राही. सिड एनेव्हर या अभियंत्याच्या देखरेखीखाली घडलेल्या एम.जी.बी.ने ही चासी टाकून दिली आणि पत्र्याचे घडीव भाग एकमेकांस जोडून सबंध देहालाच भार पेलावयास लावले. त्यात दाराखालून पुढून मागे जाणारी जी पोकळ पेटी, जिला इंग्रज कारागीर 'सिल' म्हणजे उंबरठा म्हणतात, तिच्यावर वरच्या छपराचा आधार नसलेल्या उघड्या गाडीची बहुतेक मदार असते. ही पेटी एकेरी नाही: बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोहोंमध्ये उभा पडदा आणि तळाशी 'कॅसल रेल' नावाची घडीची पट्टी, असे तिचे चार भाग आहेत. पुढच्या चाकाने उडविलेला चिखल मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात साठतो, हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर टाकलेले मीठ त्यात मिसळते, आणि ही ओल त्या पेटीच्या आत बसून वर्षानुवर्षे आपले काम करीत राहते. बाहेरून रंग तुकतुकीत दिसतो. जॅक लावल्यावर मात्र जॅक वर चढतो आणि गाडी जागच्या जागी राहते.

इंग्लंडात १९६० साली जुन्या गाड्यांची वार्षिक तपासणी सक्तीची झाली आणि १९६७ पासून तीन वर्षांवरील प्रत्येक गाडी तिच्या कक्षेत आली. तपासनिसाची नजर चुकविण्यासाठी लांबी भरून, वर पत्र्याचे ठिगळ चिकटवून उंबरठे साजरे करण्याचा एक हलका धंदा मग बोकाळला. त्याने जितक्या एम.जी. मारल्या तितक्या अपघातांनीही मारल्या नसतील.

१९७९ च्या सप्टेंबरात ॲबिंग्डनने कारखान्याचा सुवर्णमहोत्सव साजरा केला, आणि त्यामागोमागच्या सोमवारी, १० तारखेला, तेथील मोटारींचे उत्पादन थांबविण्याचा हुकूम जाहीर झाला. पौंड महाग झाल्याने अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे तोटा येतो, ही कारखान्याची मालकी असलेल्या ब्रिटिश लेलँड कंपनीची कैफियत होती. पुढल्या वर्षी शेवटची गाडी बाहेर पडली. त्यानंतर गाड्यांचा सांभाळ मालकांच्या संघटनांकडे आणि सुट्या भागांच्या लहान दुकानदारांकडे आपोआप आला. १९८८ साली तर ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने एम.जी.बी.चे मूळ साचे शोधून काढून फॅरिंग्डन येथे संपूर्ण नवा सांगाडा ठोकण्यास आरंभ केला, आणि मेलेल्या गाडीचा नवा देह विकत घेण्याची सोय झाली. ज्याला ती ऐपत नाही त्याने जुन्याच देहाची डागडुजी करावी, हा मार्ग अर्थातच खुला राहिला.

त्या मार्गाने मीही गेलो. रेडिंगला राहत असताना मी १९७१ ची एक उघडी एम.जी.बी. घेतली. पुढच्या मडगार्डचे बोल्ट सोडविताच ओंजळभर ओली माती आणि कुजलेली पाने पायांवर पडली, आणि लांबी खरवडल्यावर आत वर्तमानपत्राचा बोळा निघाला. उत्साहाच्या भरात मी एका संध्याकाळी डाव्या बाजूचा उंबरठा समूळ कापून काढला. दुसऱ्या दिवशी दार लावावयास गेलो तर ते लागेना. पुढचा आणि मागचा भाग आधारावर होता, मधला खचला होता, आणि दाराची मागची फट वरच्या बाजूस पार मिटून गेली होती. त्या क्षणी पोटात जो गोळा उठला तो मला अजून आठवतो. आमच्याकडे कोकणात घराचा कुजलेला खांब बदलताना सुतार आधी तुळईला धिरा देतो आणि मगच खांबाला हात लावतो, हे मी लहानपणापासून पाहिलेले. परंतु ते ज्ञान लोखंडालाही लागू आहे हे मला सुचले नव्हते.

मालकांच्या संघटनेतील एक वृद्ध गृहस्थ एके रविवारी आले आणि त्यांनी बरोबर दोन लोखंडी अँगल आणले होते, मध्ये फिरकी बसविलेले. ते दाराच्या चौकटीत आडवे जोडून, फिरकीला पाव पाव आटा देत, दर वेळी दार बसवून फट बोटाने चाचपीत, सबंध दुपारभरात त्यांनी तो खचलेला देह मूळ जागेवर आणला. मग मधला पडदा, कॅसल रेल, शेवटी बाहेरचा पत्रा, असा क्रम. आणि प्रत्येक जोड टिपक्याटिपक्याने, एकदा पुढे, एकदा मागे, म्हणजे उष्णतेने पत्रा वाकत नाही. बाहेरचा पत्रा मडगार्डच्या खालून पुढपर्यंत जातो, म्हणून मडगार्ड न काढता दिसेल तेवढाच भाग बदलणे हे काम नव्हे, असे त्यांनी मला तीनदा बजावले. मला त्या कामास सात महिने लागले.

ते अँगल त्यांनी परत मागितले नाहीत. त्यांच्या टोकांना माझ्यापूर्वीच्या तीन गाड्यांच्या जोडांचे घासून काढलेले व्रण होते, चौथा माझा. पुढे न्यूबरीच्या एका तरुण पोस्टमनने एम.जी.बी. घेतल्याचे कळले, तेव्हा मी ते त्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवले, आणि उंबरठा कापण्यापूर्वी दार बसवून पाहा, एवढे त्याला सांगितले.