ओरिजिनल म्हणजे नेमकं कधीचं?

जुन्या मोटरसायकलींवर गप्पा सुरू झाल्या की त्या इंजिनावरच अडकतात. ठोका कसा आहे, किती किकांत सुरू होते, सायलेन्सर जुनाच आहे का. शॉकअपचा विषय कुणी काढत नाही. माझ्याकडे आजोबांची १९७१ची बुलेट आहे आणि गेलं वर्षभर मी ती पुन्हा उभी करतेय. इंजिनात नवे पिस्टन-रिंग टाकले तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. मागे नवे गॅसचे शॉकअप लावायचं म्हटलं, तर जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळींकडून एकच वाक्य ऐकायला मिळालं: "मग ती ओरिजिनल राहणार नाही."

आता हे ओरिजिनल म्हणजे नेमकं कधीचं? ते शोधत गेले आणि पोचले दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बेलफास्टला.

त्याआधीची परिस्थिती थोडक्यात सांगते. तेव्हाच्या बहुतेक मोटरसायकलींना मागे सस्पेन्शनच नसायचं. मागचं चाक थेट फ्रेमला आवळलेलं, आणि चालवणाऱ्याच्या माकडहाडाला वाचवायला सीटखाली दोन स्प्रिंगा, आपल्या जुन्या सायकलीला असायच्या तशाच. पुढची बाजू जरा बरी होती. बीएमडब्ल्यूने १९३५ साली तेलाचं डॅम्पिंग असलेला टेलिस्कोपिक फोर्क बाजारात आणला होता. मागच्या चाकासाठी मात्र चित्रविचित्र प्रयोग चालले होते. ट्रायम्फने तर महायुद्धानंतर चाकाच्या हबमध्येच स्प्रिंगा कोंबल्या. हब जड झाला, हालचाल जेमतेम मिळाली, आणि आतल्या स्प्रिंगा इतक्या दाबलेल्या की योग्य हत्याराशिवाय हब उघडणं मिस्त्रीच्या जिवावर बेतू शकायचं.

बेलफास्टमध्ये रेक्स मॅककँडलेस नावाचा एक माणूस होता. इंजिनिअरिंगचं रीतसर शिक्षण नाही, पण शर्यती खेळायचा आणि भाऊ क्रोमीबरोबर गाड्या दुरुस्त करायचा. त्याच्या डोक्यात एक साधी गोष्ट पक्की बसली होती: चाक जमिनीला टेकलेलं नसेल, तर इंजिनाची ताकद काय कामाची? खड्ड्यावरून उडालेलं चाक ना ढकलतं, ना थांबवतं. त्याने स्वतःसाठी एक गाडी बनवली. तिला मागे चिमटा लावला (आपले मिस्त्री स्विंगआर्मला चिमटाच म्हणतात) आणि तो पेलायला सित्रोएन मोटारीचे हायड्रॉलिक शॉकअप बसवले. म्हणजे मोटारीचा सुटा भाग काढून मोटरसायकलला. आपल्याकडे याला जुगाड म्हणून हसले असते.

नंतर या भावांनी तोच प्रकार इतरांच्या गाड्यांना लावायला सुरुवात केली. सस्पेन्शन नसलेल्या फ्रेमचा मागचा भाग जायचा आणि तिथे चिमटा व शॉकअप यायचे. गाडी जुनी, मागची बाजू नवी. "ओरिजिनल राहणार नाही" हे तेव्हाही कुणीतरी म्हणालं असणारच.

हे काम नॉर्टन कंपनीच्या नजरेत आलं. नॉर्टनचं शर्यतीचं इंजिन जबरदस्त होतं, पण फ्रेम त्याचा जोर सोसत नव्हती, तडे जायचे. मॅककँडलेसने दोन नळ्यांच्या दोन वेढ्यांची, मागे चिमटा असलेली नवी फ्रेम दिली. एप्रिल १९५०मध्ये ब्लँडफर्डच्या शर्यतीत ती पहिल्यांदा उतरली, चालवायला जेफ ड्यूक, आणि जिंकली. त्याच वर्षी आइल ऑफ मॅनच्या टीटीमध्ये सीनियर आणि ज्युनियर, दोन्ही शर्यतींचे पहिले तीन क्रमांक नॉर्टनने नेले. हॅरल्ड डॅनियल या त्यांच्याच शर्यतपटूने ही गाडी चालवणं म्हणजे पिसांच्या गादीवर बसणं असल्याचं म्हटलं, आणि फ्रेमचं नाव पडलं फेदरबेड. इंजिन जुन्याच वंशाचं होतं. बदललं होतं ते इंजिनाला धरणारं आणि चाकांना जमिनीवर ठेवणारं.

पुढची गोष्ट माझी सगळ्यात आवडती. त्याच काळात ५०० सीसीच्या छोट्या फॉर्म्युला थ्री रेसिंग कार जोरात होत्या आणि त्यांच्या मालकांना नॉर्टन मँक्सचं इंजिन हवं असायचं. नॉर्टन नुसतं इंजिन विकायची नाही, म्हणून हे लोक अख्खी मोटरसायकल घ्यायचे, इंजिन उपटून कारमध्ये टाकायचे, आणि जगातली सर्वोत्तम फ्रेम चाकांसकट कोपऱ्यात पडून राहायची. दुसरीकडे ट्रायम्फची जोड-सिलिंडर इंजिनं सहज मिळायची, त्यांच्यातून आणखी वेग काढता यायचा, पण त्यांच्या फ्रेमचं वळणावरचं वागणं बेताचं. कुणीतरी हे दोन अनाथ एकत्र आणले. ट्रायम्फ अधिक नॉर्टन: ट्रायटन.

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेबाहेर जमणाऱ्या पोरांची ही स्वप्नातली गाडी. ती कुठल्याही कंपनीच्या कॅटलॉगमध्ये नव्हती. इंजिन बसवायच्या पट्ट्या कापायच्या, चेनची रेषा जुळवायची, सगळं घरामागच्या शेडमध्ये. पण तिला नुसता पोरखेळ समजू नका. १९६५मध्ये डेव्ह डेगन्स आणि रेक्स बुचर यांनी बार्सिलोनाची चोवीस तासांची शर्यत ट्रायटनवर जिंकली. आज तीच ट्रायटन 'क्लासिक' म्हणून जपली जाते आणि तिच्यात कुठला नट त्या काळचा नाही यावर माणसं वाद घालतात! दोन कंपन्यांच्या तुकड्यांतून जोडलेल्या गाडीचं ओरिजिनल.

आता बुलेटकडे. चिमटा आणि तेलाचे शॉकअप असलेली बुलेट इंग्लंडमध्ये १९४८ साली ट्रायल स्पर्धांत उतरली, तेव्हा जाणकार साशंक होते. चिखलादगडात पकड हवी तर मागचं चाक फ्रेमला घट्टच हवं, ही तेव्हाची पक्की समजूत. १९५२मध्ये जॉनी ब्रिटनने स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल बुलेटवर जिंकली आणि ती समजूत हळूहळू मोडली. १९५५पासून बुलेट मद्रासला बनू लागली. म्हणजे ज्या गाडीचं जुनेपण आपण पुजतो, ती तिच्या काळात नव्या सस्पेन्शनची आगाऊ गाडी होती. आजोबांच्या फ्रेमवर शॉकअपची जी जागा आहे, ती या भांडणात जिंकलेल्यांची जागा आहे.

मग मी काय करायचं? स्प्रिंग धक्का साठवते आणि परत फेकते. तो परतीचा उसळा गिळायचं काम शॉकअपमधल्या तेलाचं. ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि धक्क्याची उष्णता होते. सलग खड्ड्यांत तेलात हवा मिसळून फेस येतो, मग गाडी बोटीसारखी डुलते. नव्या शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन असतो, त्यामुळे फेस धरत नाही. एवढाच फरक, पण घाटात तोच जिवाचा असतो.

एक गोष्ट मात्र मिस्त्रीकाकांनी मला टेप हातात देऊन शिकवली. "ताई, ब्रँड नंतर बघा. आधी डोळ्यापासून डोळ्यापर्यंत लांबी मोजा." शॉकअप लांब घेतला तर मागची बाजू उचलली जाते, पुढचा फोर्क जास्त उभा होतो, ट्रेल कमी होतो. हँडल हलकं लागतं म्हणून आधी मजा येते, आणि वेग वाढला की तेच हँडल थरथरायला लागतं. दिसायला रुबाबदार म्हणून उंच शॉकअप लावलेल्या बुलेट रस्त्यावर बऱ्याच दिसतात; त्यांच्या मागे मी जरा अंतर ठेवूनच चालवते.

पुढे डिस्क ब्रेकवाला नवा फोर्क लावायचा मोह मी सोडला आहे. तो घ्यायचा तर टी, कोनसेट, हब सगळंच बदलावं लागतं, आणि बुलेटचा चेहरा, म्हणजे दोन पायलट दिव्यांचं ते हेडलाइटचं कवच, फोर्कच्या नळ्यांवरच बसलेलं असतं. जुन्या नळ्या सरळ आहेत, त्यांना नवी सील आणि नवं तेल पुरेल.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतला बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठणकावलं. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना 'व्हिंटेज' नोंदणीची सोय दिली. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. हे नियम मॅककँडलेसला लागू असते तर त्याचं पहिलंच काम बेकायदा ठरलं असतं. पण रस्त्यावर कुणीही काहीही वेल्डिंग करून फिरावं असंही मला वाटत नाही. तुटलेला चिमटा काय करतो ते मी पाहिलंय.

माझी बुलेट वयाने व्हिंटेज नोंदणीत बसते. मी अर्ज केलेला नाही. आजोबा या गाडीवरून आठवड्याच्या बाजाराला जायचे, आजीला मागे बसवून, आणि आजी घरी आल्यावर दर वेळी कंबर धरून बसायची. फ्रेमला कुठेही वेल्डिंगची ठिणगी लावलेली नाही, आरसी बुक जुनंच आहे. मागे आता जुन्याच लांबीचे नवे शॉकअप आहेत, चार बोल्टांवर. जुने शॉकअप तेल लावून खोक्यात ठेवलेत. हवे तेव्हा अर्ध्या तासात परत बसतात. पुढच्या महिन्यात आजीला मागे बसवून बाजाराला नेणार आहे. तिची अट एकच: सीटवर उशी हवीच.