कळलावी
* कळलावी : ही वेल पावसाळ्यात सह्याद्रीत अनेक ठिकाणी भेटते. फूल नसतानाही ती ओळखता येते : पानाचे टोक लांबत जाऊन गुंडाळते आणि त्या टोकानेच वेल आधार धरून चढते. सहा पाकळ्या उलट्या वळलेल्या, कडा नागमोडी; तळाशी पिवळ्या, वर लाल, पुढे सगळ्याच लालभडक. इतके देखणे रानफूल आपल्याकडे क्वचितच. लागवड कंदापासून, पावसाच्या तोंडावर. कंदाच्या कोंबाचे टोक फार ठिसूळ असते, ते जपावे. पावसाळ्यानंतर वेल वाळते; मग पाणी थांबवावे, नाहीतर कंद कुजतो. सर्वांगात, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसिन हे जहाल विष असते. घरात लहान मुले असतील तर ही वेल लावूच नये.