शिडीला हात लागण्याआधी

तलावावर नेमाने येणाऱ्या ज्येष्ठांमध्ये एक गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही. पूर्वी पोहणे संपले की दोन्ही तळवे काठावर टेकायचे, एक हिसका द्यायचा, की माणूस पाण्याबाहेर. मग एका वर्षी तो सहज म्हणून शिडीकडे वळतो. फेऱ्या तेवढ्याच, दमही पहिल्यासारखाच. फक्त बाहेर पडण्याची वाट बदललेली असते. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिडी धरली आणि 'काठ हल्ली फार निसरडा झालाय' असे पुढे चार महिने स्वतःलाच सांगत राहिलो.

या पुस्तकाचा विषय त्या शिडीपाशी सुरू होतो. उतारवयात स्पर्धेसाठी पोहणाऱ्यांनी पाण्याबाहेर कोणती मेहनत करावी, वजने उचलावीत का, आणि किती, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारलाच गेलेला नाही. विषय थोड्या लोकांचा वाटेल. पण नातवंडाला कडेवर घेताना ज्यांची कंबर कुरकुरते, त्यांनाही यात आपले काही सापडेल अशी माझी खात्री आहे.

आधी या स्पर्धांविषयी. प्रौढांसाठीच्या 'मास्टर्स' जलतरणाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1970 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या अमारिलो येथे झाली. तिच्यामागे रॅन्सम आर्थर या नौदलातल्या डॉक्टरांचा पुढाकार होता. स्पर्धेचे निमित्त असले तर माणसे व्यायाम टिकवतील, हा त्यांचा साधा हिशेब. 1986 मध्ये टोकियोत जागतिक स्पर्धा झाली. पंचविशीपासून पुढे दर पाच वर्षांचा एक गट, आणि वय धरायचे ते त्या वर्षाच्या 31 डिसेंबरचे. त्यामुळे साठी लागण्याची वाट पाहणारी माणसे मला फक्त याच जगात भेटली. नव्या गटात आपण सर्वांत तरुण! ऑस्ट्रेलियाच्या जॉर्ज कोरोन्स यांनी 2018 मध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 56.12 सेकंदांत पोहून 100 ते 104 वर्षांच्या गटाचा विक्रम केला, तेव्हा ते 99 वर्षांचे होते.

आता मूळ अडचण. पोहणे हा 'सर्वांगसुंदर व्यायाम' हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. हृदयासाठी आणि फुफ्फुसांसाठी ते खरेच आहे. पण पाणी शरीराचा भार स्वतःवर घेते, आणि हाडांना मजबूत राहण्यासाठी नेमका तोच भार हवा असतो. स्नायूंचेही तसेच. वयाबरोबर आधी झिजतात ते झटक्याने काम करणारे तंतू. दमसास पुरवणारे त्यांच्यापेक्षा पुष्कळ तग धरतात. म्हणून साठीतला पोहणारा दीड किलोमीटर आरामात कापतो, पण स्टार्टिंग ब्लॉकवरून त्याची उडी उडी न राहता पडणे होते. पंचवीस मीटरच्या तलावात 100 मीटरची शर्यत म्हणजे एक उडी आणि तीन टर्न, चार वेळा पायांचा जोरकस धक्का. मास्टर्सच्या नियमांत पाण्यातूनच सुरुवात करण्याची मुभा आहे, पण भिंत कुणालाच चुकत नाही.

गेलेली ताकद परत येते का? आपल्याकडे जोर, बैठका, मुद्गल ही सगळी तालीम पंचविशीचा मामला मानली गेली. म्हाताऱ्याने आखाड्याच्या कडेला बसून सल्ले द्यायचे. हा समज मोडणारा एक प्रयोग वाचकांनी जरूर लक्षात ठेवावा. 1990 मध्ये बोस्टनच्या मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी एका शुश्रूषागृहातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना पायांसाठी चांगल्यापैकी जड वजनांचा व्यायाम दिला. आठ आठवड्यांत, तो पूर्ण करणाऱ्यांच्या मांडीची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. माणसे थोडी होती हे खरे, पण पुढच्या कामाची दिशा त्यातून ठरली.

सुरुवात मात्र खांद्यापासून करावी. वर्षानुवर्षे पाणी ओढून छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू दंडाला आत वळवत राहतात. त्याला उलट बाजूने सांभाळणारे छोटे स्नायू मागे पडतात, आणि दुखणे तिथे शिरते. दाराच्या कडीला रबरी बँड बांधा. कोपर काटकोनात वाकवून बरगडीला लावा आणि मध्ये घडी केलेला टॉवेल धरा. मग मनगट सावकाश बाहेर न्या. टॉवेल खाली पडला तर समजा, छोट्यांचे काम मोठ्यांनी हिसकावून घेतले. ओढ कमी करा आणि पुन्हा करून पाहा.

पोहणाऱ्यांची एक खोड इथे आड येते, ती म्हणजे श्वास कोंडणे. पाण्यात ती कमाई. वजनाखाली तिच्यामुळे रक्तदाब एकदम चढतो. उचलताना श्वास सोडायचा, हे मला शिकायला वजनापेक्षा जास्त वेळ लागला. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्यावाचून पुढे जाऊ नका.

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, एवढे पुरे. पहिले काही आठवडे हात पाण्यात जड वाटतील, वेळ बिघडेल, आणि तलावावरचे मित्र 'सांगितलं होतं ना' म्हणतील. बहुतेक जण इथेच सोडतात. स्पर्धा जवळ आली की वजनांचे काम उतरवत न्यावे. त्याचे वेळापत्रक शेवटच्या प्रकरणात आहे. पण ते आधी उघडण्याचा मोह टाळलेला बरा.

त्याऐवजी वाचकांनी आत्ताच एक करावे. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसा, हातांची घडी छातीवर घाला, पाच वेळा पूर्ण उभे राहून बसा आणि कुणाला तरी घड्याळ धरायला सांगा. पंधरा सेकंदांहून जास्त लागले तर दुसऱ्या प्रकरणापासून वाचायला घ्या, कमी लागले तर तिसऱ्यापासून. आकडा तारखेसह याच पानाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवा.