भायखळ्याचा इतिहास आणि मुळशीची जमीन

भायखळ्याचा इतिहास सांगायला बसलं की आम्ही जुनी माणसं १६ एप्रिल १८५३ पासून सुरुवात करतो. त्या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली, ती भायखळ्यावरूनच गेली. मग राणीबाग, मग गिरण्या, मग वीज. हे सांगताना आम्हाला अभिमान वाटतो, त्यात गैर काही नाही. आज मात्र आपण दुसऱ्या एका १६ एप्रिलकडे वळू. साल १९२१, दिवस रामनवमीचा. त्या दिवशी मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला.

आता तुम्ही म्हणाल, मुळशी पुणे जिल्ह्यात, तिचा भायखळ्याशी संबंध काय? संबंध विजेचा. मुंबईच्या गिरण्या वाफेवरून विजेवर येत होत्या. त्यासाठी टाटा पॉवर कंपनीला नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे होते. पन्नासच्या आसपास गावांना त्याची झळ बसणार होती. भाताची खाचरं, घरं, देवळं पाण्याखाली जाणार होती. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा लावला. मोबदला कमी वाटला तर त्या कायद्याखाली दाद मागता येई. पण ‘जमीन घेऊच नका’ ही मालकाची हरकत ऐकून घेण्याची तरतूद त्यात आली १९२३ साली. मुळशीकरांना तिचा काय उपयोग?

विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट लढ्याच्या पुढे होते. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा होती. तरी लढा आतून फुटला. कित्येक जमिनी सावकारांकडे गेलेल्या होत्या. कागदावर मालक सावकार, चिखलात उभा मावळा. सावकाराला मोबदला चालत होता, मावळ्याला जमीनच हवी होती. तेव्हा ‘मालकाची संमती मिळाली’ असं कुणी म्हटलं, तर आपण विचारायला हवं, मालक म्हणजे नेमका कोण?

असंच दूर कॅलिफोर्नियात घडलं. १८४८ च्या तहात अमेरिकेने मेक्सिकन जमीनदारांच्या मालमत्तेची हमी दिली. १८५१ च्या कायद्याने मात्र त्यांनाच आपला हक्क आयोगापुढे सिद्ध करायला लावला. खटले वर्षानुवर्षे चालले. जे जिंकले, त्यांच्यातही कित्येकांची जमीन वकिलांच्या आणि सावकारांच्या देण्यात गेली. आणि त्या जमिनी कसणारे मूळ रहिवासी? त्यांच्याकडे तर दाखवायला कागदही नव्हता. पुढे तिथल्या गावांचे इतिहास लिहिले गेले, ते बहुधा सोनं शोधणाऱ्यांपासून आणि रेल्वेपासून सुरू झाले.

आम्हीही तेच केलं. आमचा स्थानिक इतिहास वस्तीच्या हद्दीवर थांबतो. वीज ‘आली’ एवढंच आम्ही लिहितो, ती कुणाच्या शेतावरून आली ते लिहीत नाही.

कुणी विचारील, मग वीज नको होती का? तसं आमचं म्हणणं नाही. गिरणीत राबणारा कामगारही कोकणातली नाहीतर घाटावरची जमीन सोडूनच आला होता, त्याचं पोट त्या गिरणीवर होतं. लाभ खरा होता आणि अन्यायही खरा होता. एकाने दुसरा फिटत नाही. निदान दोन्ही एकाच पानावर लिहावेत, इतकी तरी आपली जबाबदारी आहे.

लोअर परळहून दादरकडे गिरण्यांच्या कडेने जाणारा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे, सेनापती बापट मार्ग. बापटांना ‘सेनापती’ म्हणू लागले ते मुळशीच्या लढ्यामुळे. गिरणगावातल्या रस्त्याला हे नाव आहे, पण ते कशामुळे, हे आमच्या किती पुस्तिकांत सापडतं? यापुढे कुणी आपल्या वॉर्डाची पुस्तिका काढाल, तेव्हा विजेच्या परिच्छेदात मुळशीची एक ओळ जरूर घाला.