हायपोथायरॉइडिझम आणि लोहाची कमतरता

अवटू ग्रंथीची न्यूनक्रिया (हायपोथायरॉइडिझम) आणि शरीरातील लोहाची कमतरता हे दोन विकार अनेकदा एकाच व्यक्तीत, विशेषतः स्त्रियांमध्ये, एकत्र आढळतात. लोह कमी पडल्यास थायरॉइड संप्रेरकांची निर्मिती मंदावते, तर थायरॉइडचे कार्य मंदावल्यास लोहाचे शोषण घटते व मासिक रक्तस्राव वाढू शकतो. लोहाची गोळी व थायरॉक्सिनची गोळी एकत्र घेतल्यास थायरॉक्सिनचे शोषण कमी होते. त्यामुळे या दोन्ही विकारांच्या उपचारात औषधांच्या मात्रेइतकेच त्यांच्या वेळांनाही महत्त्व असते.

परस्परसंबंध

थायरॉक्सिन (टी४) व ट्राय-आयोडोथायरोनिन (टी३) ही संप्रेरके तयार होण्यासाठी थायरॉइड पेरॉक्सिडेज हे विकर आवश्यक असते. या विकराच्या रचनेत लोहयुक्त हीम हा घटक असतो. लोह अपुरे असल्यास विकराची क्रियाशीलता घटते आणि पुरेसे आयोडीन मिळूनही त्याचा पूर्ण उपयोग होत नाही. आयव्हरी कोस्टमधील गलगंडग्रस्त, लोहन्यून मुलांवरील अभ्यासात (२००२) आयोडीनयुक्त मिठासोबत लोह दिलेल्या गटात २० आठवड्यांनंतर गलगंडाचे प्रमाण ४३ टक्के, तर लोह न दिलेल्या गटात ६२ टक्के आढळले.

उलट दिशेने, हायपोथायरॉइडिझममुळे लोह कमी होण्याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत :

• मासिक पाळीत अतिरिक्त रक्तस्राव होणे.
• जठरातील आम्ल कमी होऊन अन्नातील लोहाचे शोषण घटणे.
• हाशिमोटो थायरॉइडशोथ या स्वप्रतिकारजन्य विकारासोबत जठराचा स्वप्रतिकारजन्य शोथ किंवा सिलिअ‍ॅक रोग असणे. या दोहोंमुळे लोहाचे, तसेच थायरॉक्सिनचेही शोषण बिघडते.

लक्षणे

थकवा, थंडी सहन न होणे, केस गळणे, त्वचा कोरडी पडणे व एकाग्रता कमी होणे ही लक्षणे दोन्ही विकारांत सारखीच असतात. म्हणून थायरॉक्सिन घेऊनही थकवा कायम राहिल्यास तो थायरॉइडचाच समजला जाऊन लोहाची तपासणी राहून जाण्याची शक्यता असते. माती, खडू, बर्फ किंवा कच्चे तांदूळ खाण्याची इच्छा, नखे चमच्यासारखी खोलगट होणे व चढ चढताना धाप लागणे ही लक्षणे लोहाच्या कमतरतेकडे निर्देश करतात. वजन वाढणे, बद्धकोष्ठ, आवाज घोगरा होणे, चेहऱ्यावर सूज व नाडी मंद होणे ही लक्षणे थायरॉइडच्या न्यूनक्रियेकडे निर्देश करतात.

निदान

थायरॉइडसाठी टीएसएच व मुक्त टी४, तर लोहासाठी हिमोग्लोबिन व फेरिटिन या प्रमुख रक्तचाचण्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार हिमोग्लोबिन प्रौढ पुरुषांत १३ व गर्भवती नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानला जातो. मात्र हिमोग्लोबिन घटण्यापूर्वीच शरीरातील लोहाचा साठा संपू लागतो, म्हणून फेरिटिन पाहणे आवश्यक ठरते. निरोगी प्रौढांत १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी फेरिटिन ही निश्चित कमतरता समजतात. अनेक चिकित्सक ३० ही मर्यादा वापरतात. शरीरात दाह किंवा संसर्ग असल्यास फेरिटिन खोटे वाढलेले दिसू शकते.

हायपोथायरॉइडिझममधील प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावाने होत नाही. संप्रेरकाच्या अभावी अस्थिमज्जेचे कार्य मंदावल्याने, तसेच ब १२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही तो होतो.

उपचार

औषधांमधील अंतर

लोहाचे आयन आतड्यात थायरॉक्सिनशी संयोग पावतात व न शोषले जाणारे संयुग बनते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, थायरॉक्सिनची मात्रा स्थिर असलेल्या १४ रुग्णांना १२ आठवडे फेरस सल्फेट थायरॉक्सिनसोबतच दिले असता त्यांचे सरासरी टीएसएच १.६ वरून ५.४ पर्यंत वाढले. म्हणून या दोन औषधांमध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवण्याची शिफारस केली जाते. कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हाच नियम लागू होतो.

थायरॉक्सिन साधारणतः सकाळी अनशेपोटी पाण्याबरोबर घेऊन चहा, कॉफी, दूध किंवा न्याहारी अर्ध्या ते एक तासानंतर घेतली जाते. रात्रीच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी झोपताना ती घेणे हा दुसरा पर्याय आहे. लोहाची गोळी दुपारनंतर, शक्यतो चहापासून दूर व लिंबाच्या सरबतासारख्या क जीवनसत्त्वयुक्त पदार्थासोबत घेणे सोयीचे ठरते.

पाठपुरावा

थायरॉक्सिनची मात्रा बदलल्यावर, तसेच लोहाची गोळी सुरू किंवा बंद केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासतात. वेळा न तपासता केवळ टीएसएच वाढले म्हणून थायरॉक्सिनची मात्रा वाढवल्यास, पुढे लोह बंद होताच ती मात्रा अतिरिक्त ठरून धडधड व वजनघट होऊ शकते. हिमोग्लोबिन सामान्य झाल्यावरही साठा भरून येण्यासाठी लोह सुमारे तीन महिने चालू ठेवतात. लोहाच्या एका मात्रेनंतर हेप्सिडिन हे संप्रेरक वाढून पुढील मात्रेचे शोषण घटते. त्यामुळे काही रुग्णांना गोळी एक दिवसाआड दिली जाते.

गर्भावस्था

गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज सामान्यतः वाढते. ॲनिमिया मुक्त भारत या २०१८ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमानुसार गर्भवतींना दुसऱ्या तिमाहीपासून किमान १८० दिवस दररोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्लाची गोळी दिली जाते. शासकीय कार्यक्रमात कॅल्शियमच्या दोन गोळ्याही असतात. थायरॉइडग्रस्त गर्भवतीला त्यामुळे परस्परांच्या शोषणात अडथळा आणणारी तीन औषधे एकाच दिवशी घ्यावी लागतात. दिवसाची एक शक्य आखणी पुढीलप्रमाणे :

• सकाळी ६ : थायरॉक्सिन
• दुपारी १२, जेवणासोबत : कॅल्शियम
• दुपारी ४, चहाच्या किमान एक तास आधी : लोह व फोलिक आम्ल
• रात्री ८, जेवणासोबत : कॅल्शियम

थायरॉक्सिन अपुरे शोषले गेल्यास गर्भाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून या काळात टीएसएच अधिक वारंवार तपासतात. औषधांतील संघर्ष टाळण्यासाठी यांपैकी कोणतेही औषध परस्पर बंद करू नये.

महाराष्ट्र व नाशिक जिल्ह्यातील संदर्भ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९–२१) नुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ४८ टक्के होते. मुंबई व गोव्यासह आठ शहरांतील प्रौढांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ११ टक्के व्यक्तींमध्ये हायपोथायरॉइडिझम आढळला.

२०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे एकचतुर्थांश आहे. सुरगाणा, पेठ व त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत नागली हे पारंपरिक धान्य आहे. नागलीत कॅल्शियम विपुल असते व लोहही असते. परंतु तिच्यातील फायटेट व टॅनिनमुळे लोहाचे शोषण मर्यादित राहते. धान्याला मोड आणल्याने किंवा ते आंबवल्याने फायटेट कमी होते. जेवणासोबत लिंबू, आवळा किंवा पेरू घेतल्याने शोषण सुधारते.

महाराष्ट्रातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक विकारही आढळतो. त्यातील रक्तक्षयाचे मूळ कारण लोहाचा अभाव नसते. म्हणून अशा भागात उपचारात्मक मात्रेत दीर्घकाळ लोह देण्यापूर्वी सिकलसेल व फेरिटिन यांची तपासणी महत्त्वाची ठरते.

हेही पाहा

• अवटू ग्रंथी
• रक्तक्षय
• गलगंड
• सिकलसेल
• नागली