अधिक-उण्याची चिन्हे आणि लाल-हिरवे रंग



वायरलेसवर बोलण्याची शिस्त आम्हा फौजी लोकांच्या अंगात मुरलेली असते. पलीकडच्याला आपल्यासमोरचे काही दिसत नाही. 'तो बघ, त्या झाडामागे' असे म्हणून भागत नाही, नकाशावरचे आकडेच सांगावे लागतात. आजची गोष्ट याच शिस्तीची आहे, फक्त मैदान संगणकाचे आहे.

सॉफ्टवेअर हे सहसा एकट्याचे काम नसते. एक जण कोडमध्ये बदल सुचवतो, दुसरा तो ओळीओळीने तपासतो, शंका विचारतो, आणि मगच तो बदल मूळ कोडमध्ये जातो. १९७० च्या दशकात युनिक्सवर 'डिफ' ही आज्ञा आली. दोन फायलींमधला फरक ती साध्या अक्षरांत दाखवत असे. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत नव्या ओळीआधी अधिकचे चिन्ह येई आणि काढलेल्या ओळीआधी उण्याचे. १९८५ साली लॅरी वॉल यांचा 'पॅच' आला आणि असे बदल ईमेलने पाठवून दुसऱ्याच्या कोडमध्ये जोडता येऊ लागले. यात अंध प्रोग्रामरची अडचण कमी होती, कारण सगळा अर्थ अक्षरांत होता आणि अक्षरे यंत्राला वाचून दाखवता येतात.

पण वाचून दाखवणारे यंत्र कोणी घडवले? पुष्कळदा अंध मंडळींनी स्वतःच. पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन यांची दृष्टी वयाच्या १४ व्या वर्षी काचबिंदूने गेली. पुण्यात गणित, मग आयआयटी मुंबई आणि १९९४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट. १९९५ साली त्यांनी 'ईमॅक्स्पीक' सर्वांसाठी खुले केले. ते नुसती अक्षरे वाचत नाही. कोडमधला शब्द आज्ञेचा आहे की टिपणीचा, हे बदलत्या आवाजातून सांगते. डोळ्यांना रंग जे सांगतो, ते इथे कानांना आवाज सांगतो.

२००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी 'एनव्हीडीए' हा मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. त्यांचे सहकारी जेम्स तेह. दोघेही अंध. आज एनव्हीडीए मराठीही वाचून दाखवतो.

दरम्यान सहकार्याची जागा बदलत होती. २००५ साली लिनस टोरव्हाल्ड्स यांचे 'गिट' आले आणि २००८ साली त्यावर उभे राहिलेले 'गिटहब'. तपासणीचे काम ईमेलमधून वेबपानावर गेले. डोळसांची मोठी सोय झाली: नवी ओळ हिरवी, काढलेली लाल, शेरा ओळीच्या बाजूला. पण अशा साधनांत अर्थ अक्षरांतून निसटून रंगात आणि जागेत जाण्याचा धोका असतो. ओळीवर माऊस नेल्यावरच उगवणारे बटण कीबोर्डवर काम करणाऱ्याला सापडत नाही. शेरा कोणत्या ओळीचा, हे ऐकून कळत नाही.

माहिती केवळ रंगावर सोडू नका, असे वेबच्या सुगम्यतेच्या पहिल्या मार्गदर्शक सूचनांनी १९९९ सालीच सांगितले होते. म्हणजे नियम आधीपासून होता, अंमल मात्र मागे राहिला. पुढे २०१४ साली 'एआरिया' हे मानक पक्के झाले. हे बटण कशाचे, हा भाग कोणता, हे स्क्रीन रीडरला सांगण्याची सोय त्यात आहे. पण ती वापरायची की नाही, हे शेवटी लिहिणाऱ्याच्या हातात.

एनव्हीडीएचा स्वतःचा कोड आज गिटहबवरच आहे. जगभरचे लोक तिथे त्रुटी नोंदवतात, बदल सुचवतात. ज्या साधनाने अंध प्रोग्रामर ते पान ऐकतो, ते साधनही त्याच पानावर घडते आहे.

हा प्रश्न दयेचा नाही, कामाचा आहे. ज्याला दुसऱ्याचा कोड तपासता येत नाही, त्याचे मत टीममध्ये धरले जात नाही. तो हुशार असूनही बैठकीबाहेर उभा राहतो. वायरलेसवर निरोप समजला नाही, तर आम्ही ऐकणाऱ्याला दोष देत नसू. बोलणाऱ्याला म्हणत असू, पुन्हा सांग, नीट सांग.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.