मैदानाबाहेर काढलेला मार्गदर्शक आणि पंचाची हद्द

शालेय सामन्यात पंचाने एखाद्या संघाच्या मार्गदर्शकास मैदानाबाहेर जावयास सांगितले, म्हणजे त्या दिवसापुरता तंटा मिटतो. खरा प्रश्न उपस्थित होतो तो पुढच्या सामन्याच्या वेळी. त्या मार्गदर्शकावर दोन सामन्यांची बंदी घातली गेली आहे, आणि तरीही तो गृहस्थ संघाच्या बाकावर येऊन बसला आहे. तर त्यास उठवावयाचे कोणी? ज्याच्या हाती शिट्टी आहे त्याने, असे बहुतेकांस सहज वाटेल. परंतु पंचाच्या अधिकाराचा इतिहास पाहू गेल्यास हे उत्तर इतके सरळ ठरत नाही.

‘पंच’ हा शब्द मैदानावर आला तो गावच्या न्यायव्यवस्थेतून. मराठेशाहीत गोतसभा बसे, साक्षीपुरावा ऐके, निवाडा करी आणि त्याचा महजर लिहिला जाई. निवाडा अंमलात आणण्याचा भार मात्र पाटील, देशमुख आणि अखेरीस दिवाण ह्यांजवर असे. एखाद्यास वाळीत टाकले, तर ती शिक्षा प्रत्यक्षात येई ती गावातील घरांनी त्याच्याशी व्यवहार तोडल्यामुळे. पंच काही त्याच्या दारी पहारा देत बसत नसत. ती चाल चांगली होती असे नव्हे. निवाडा एकाचा आणि अंमल दुसऱ्याचा, एवढी विभागणी मात्र आपल्याकडे जुनी आहे.

देशी खेळांस लेखी नियमांची शिस्त लागली ती विसाव्या शतकात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली खो-खोचे नियम बांधण्याचे काम हाती घेतले. त्याच वर्षी वऱ्हाडात अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली, आणि 1936 साली त्या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी आपल्या खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. नियम आले तसा पंचही आला. कबड्डीतील आजच्या पंचाजवळ हिरवे, पिवळे व लाल अशी तीन पत्रे असतात. हिरव्याने ताकीद मिळते, पिवळ्याने दोन मिनिटे बाहेर बसावे लागते आणि लाल पत्र दाखविले की त्या सामन्यापुरता खेळ संपतो.

ह्यातील ‘त्या सामन्यापुरता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. फुटबॉलमध्ये आरंभी प्रत्येक संघ आपापला पंच आणीत असे. दोघांचे न जुळल्यास तिसऱ्याकडे दाद मागावयाची. 1891 साली तो तिसरा मनुष्य मैदानाच्या आत आला, आणि पूर्वीचे दोघे रेषेवर गेले. तेव्हापासून त्याची सत्ता वाढतच गेली. 2019 पासून तर तो बाकावरील मार्गदर्शकासही पिवळे अथवा लाल पत्र दाखवू शकतो. बाकावरून नेमका कोण ओरडला हे न कळल्यास तेथील प्रमुख मार्गदर्शकाने ती शिक्षा सोसावयाची. इतके असूनही तोच नियमग्रंथ सांगतो की, सामना संपल्यावर पंचाने घडल्या प्रकाराचा अहवाल योग्य त्या अधिकाऱ्यांकडे पाठवावा. पुढील सामन्यांतील बंदी किती असावी, हे ठरविण्याचे काम त्या अधिकाऱ्यांचे.

क्रिकेटने ह्या बाबतीत फारच सावधपणा दाखविला. त्या खेळाचे पहिले लेखी नियम 1744 सालचे. खेळाडूस गैरवर्तनाबद्दल बाहेर घालविण्याची तरतूद नियमांत आली ती 2017 साली. तेथेही पंचाने अहवाल द्यावा आणि पुढील कारवाई सामन्याच्या नियामक संस्थेने करावी, अशीच व्यवस्था आहे.

बंदी पाळली जाते की नाही हे एकट्या पंचाला पाहता येत नाही, ह्याचे उदाहरण मोठे गमतीचे आहे. 2005 साली चेल्सी संघाचा मार्गदर्शक जोझे मोरिन्यो ह्यास युरोपीय स्पर्धेत दोन सामने संघाजवळ फिरकण्यास मनाई होती. बायर्न म्युनिकविरुद्धच्या सामन्याच्या वेळी आपण खेळाडूंच्या खोलीत शिरलो होतो आणि बाहेर पडताना मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपलो होतो, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले. मैदानावर शिट्टी घेऊन धावणाऱ्या पंचाने टोपल्या तपासाव्यात काय?

आता यवतमाळ जिल्ह्याकडे वळू. सोळा तालुके, शालेय स्पर्धा तालुक्यावर होतात, तेथील विजेते संघ यवतमाळास येतात, आणि तेथून विभागासाठी अमरावतीची वाट धरतात. समजा, पुसदच्या मैदानावर एका मार्गदर्शकास बाहेर काढले. पंधरा दिवसांनी यवतमाळास त्याचा संघ उतरतो तेव्हा पंच निराळा असतो. त्यास मागची हकीकत कळावी कशी? शिवाय तालुक्याच्या सामन्यांत पंचगिरी करणारे पुष्कळदा दुसऱ्या शाळांचे क्रीडाशिक्षकच असतात. आज ज्यास बाकावरून उठवावयाचे, तोच उद्या आपल्या शाळेच्या सामन्यात पंच म्हणून उभा राहणार, ही जाणीव सुटत नाही. अशा मनुष्यास शिक्षेचा अंमलदार करणे त्याच्यावरही अन्याय आहे आणि शिक्षेवरही.

ह्यावर एक आक्षेप येतो, तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. आडगावच्या मैदानावर पंचाखेरीज अधिकाराचे दुसरे माणूस बहुधा नसतेच. त्याने डोळे मिटले तर बंदी कागदावरच राहील. हे खरे आहे. म्हणून पंचास अगदी मोकळे सोडता येणार नाही. परंतु त्याच्याकडून मागावयाचे ते थोडके व स्पष्ट असावे. आयोजकांनी सामन्यापूर्वी बंदी असलेल्यांची यादी त्याच्या हाती द्यावी. नाव यादीत असल्यास त्याने त्या गृहस्थास बाकावर बसू देऊ नये, आणि तसे अहवालात लिहावे. यादी हाती नसेल तर ऐकीव माहितीवर कोणासही उठवू नये.

खरा जबाबदार इसम शाळेतच असतो. खेळाडूंच्या प्रवेशपत्रावर मुख्याध्यापकाची सही लागते; मुलाचे वय व वर्ग ह्यांची हमी तो देतो. बंदी असलेला शिक्षक संघाबरोबर पाठविला जाणार नाही, ही हमीही त्याच सहीत का नसावी?

मार्गदर्शक हटून बसल्यास संघच बाद करावा, असे सुचविणारे कित्येक आहेत. तसे केल्यास अपराध मोठ्याचा आणि शिक्षा मुलांची होते. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांस खेळातील यशाबद्दल परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. तालुक्यातून जिल्ह्यावर आलेल्या मुलीचे ते गुण दुसऱ्याच्या हट्टापायी जावेत हे कोणत्याही नियमाने समर्थनीय ठरणार नाही. सामना खेळवावा, त्या गृहस्थाची बंदी वाढवावी, आणि शाळेकडून लेखी खुलासा मागवावा. संघाजवळ त्या दिवशी शाळेतील दुसरा कोणी शिक्षक बसला तरी पुरते. तालुक्याचा निकाल जिल्ह्यास कळविला जातोच. त्याच लखोट्यात बंदी असलेल्यांच्या नावांचा एक कागद घालावयास फारसा खर्च येत नाही.